सुरकुती

मिरज
रविवार, रात्री साडेदहा

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. रोज फोन होतो तरी ही बाई वहीची पानं का भरतेय, असं वाटेल. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज सांगायचंय ते तुला आवडणारं नाही. बाबा पानांचे फोटो काढून पाठवतील. कागद मागाहून सामानाबरोबर येतील.

परवा तू टॉन्सिलच्या कापाचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो पाठवलास. काळ्याभोर अंधारात लाल, हिरवं, निळं, पिवळं. बाबांनी लगेच शेजारच्या वहिनींना दाखवला. त्या म्हणाल्या, "रांगोळी छान आहे हो, स्पर्धेची का?" तू मात्र एका तिरक्या पट्ट्यावर बाण काढून लिहिलं होतंस, "आई, या पेशींवर सीडी३ पण आहे आणि सीडी२० पण! टी आणि बी एकाच पेशीत! शेकड्यानं सापडल्यात!"

म्हणजे टी पेशींची खूण सीडी३ आणि बी पेशींची खूण सीडी२०, दोन वेगळ्या प्रतिकारपेशींच्या खुणा एकीतच. मी तो पट्टा मोठा करून बघितला. चष्मा पुसून परत बघितला. माऊ, मला तो फोल्ड वाटतोय. सेक्शनला, म्हणजे ऊतकाच्या पातळ कापाला, पडलेली सुरकुती.

रागावू नकोस, आधी ऐक. टॉन्सिलमध्ये बी पेशींचे गोल गोल पुंजके असतात आणि भोवतीनं टी पेशींची वस्ती. तुझा पट्टा बरोबर त्या वेशीवरून गेलाय. तिथं ऊतक स्वतःवरच दुमडलं असेल तर टी पेशींचा थर बी पेशींच्या थरावर बसणार, आणि वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला दोन्ही खुणा एकाच जागी दिसणार. शिवाय त्या पट्ट्यात केंद्रकांचा निळा, तुझा तो डॅपी, आजूबाजूपेक्षा गडद आहे आणि कडा धूसर आहेत. जाडी दुप्पट झाली की फोकस असाच सुटतो. एकेका खुणेला चिकटणाऱ्या तुझ्या त्या चाळीस अँटिबॉड्यांतलं मला निम्मंही कळत नाही, पण लॅबमध्ये सेक्शन कापून फोल्ड बघण्यात माझी तीस वर्षं गेली.

लहानपणी सुट्टीत तू लॅबमध्ये यायचीस, तेव्हा मायक्रोटोमपाशी, त्या कापायच्या यंत्रापाशी, उभं राहायची परवानगी नव्हती, ब्लेडमुळे. त्यामुळे ते काम तू जवळून कधी पाहिलंच नाहीस, आणि आता तुझ्याकडे स्लाइडा कापून, तयार होऊन येतात. कसं असतं ते सांगते. ऊतक बसवलेला मेणाचा ब्लॉक बर्फावर थंड करायचा. चाक एका लयीत फिरवायचं. चार मायक्रॉनचा पापुद्रा, म्हणजे पेशीच्या जाडीच्या साधारण निम्मा. (तुझ्या स्लाइडवर अख्खी पेशी जवळजवळ नसतेच, सगळे कापच असतात, हेही विसरू नकोस.) एकाला एक चिकटून पापुद्र्यांची रिबन होते. ती ब्रशच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर सोडायची. पाणी मेण वितळण्याच्या जरा अलीकडे ठेवलेलं. रिबन पाण्याला टेकली की अंग सैल सोडते आणि सुरकुत्या आपोआप निघतात. निघाल्या नाहीत तर ब्रशनं हलकेच बाजूला ताणायचं. पाणी गार असेल तर सुरकुती राहते, जास्त तापलं तर सेक्शन फाकतो, पेशींमध्ये भेगा पडतात. मग खालून तिरकी स्लाइड घालून तो झेलायचा. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. त्या अर्ध्या मिनिटात कुणाचं लक्ष फोनकडे गेलं असेल, तर तुझी टी-बी पेशी तिथंच जन्माला आलीय.

आता एक गोष्ट, जी मी घरात कधी सांगितली नाही. तू तेव्हा बालवाडीत होतीस. एका पित्ताशयाच्या स्लाइडवर कडेला कॅन्सरच्या ग्रंथींचा एक बारीक तुकडा निघाला. रिपोर्ट लिहिणाऱ्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी मला बोलावलं, ओरडले नाहीत, सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "हा पाहुणा कुठला?" ब्लॉक पुन्हा कापला, पित्ताशय स्वच्छ. त्याच्या आधी मी आतड्याची गाठ कापली होती आणि मध्ये वॉटर बाथ, म्हणजे ते कोमट पाण्याचं भांडं, पुसला नव्हता. दर ब्लॉकनंतर कागदाची पट्टी पाण्यावरून ओढायची असते, दुधावरची साय काढावी तशी. त्या दिवशी घाईत राहिली. आम्ही अशा तुकड्याला 'फ्लोटर' म्हणतो. सरांच्या नजरेला तो उपरा दिसला म्हणून निभावलं. रिपोर्ट दोन दिवस लांबला, आणि ते दोन दिवस त्या माणसाची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली मी जाता-येता पाहिली.

तुझं तर कामच 'कोण कुणाशेजारी' यावर उभं आहे. हे मला कळायला वेळ लागला, पण नाना मामांच्या सुनेच्या डोहाळजेवणात एकदम कळलं. आचाऱ्याला विचारलं तर तो सांगणार, एकशेवीस पानं उठली. कोण कुणाशेजारी बसलं, कोण मुद्दाम उठून दुसऱ्या पंगतीला गेलं, हे त्याला काय माहीत? भांडण कळायचं तर पंगतच बघायला हवी. ऊतक विरघळवून पेशी मोजणाऱ्यांना पानं कळतात. तुम्ही पंगत बघता.

तू दिलेला स्टॅनफर्डचा २०२०चा पेपर मी दोनदा वाचला, डिक्शनरी घेऊन. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ३५ रुग्ण, १४० तुकडे, ५६ खुणा, आणि त्यातून नऊ प्रकारचे 'शेजार'. गंमत म्हणजे रुग्णांचे दोन गट पाडले ते जुन्या नजरेनंच: गाठीच्या कडेला लिम्फोसाइटांचे पुंजके बांधले गेलेत, की त्या नुसत्या विखुरल्यात. आमचे सर हे साध्या गुलाबी-जांभळ्या एच अँड ई स्लाइडवर बघून रिपोर्टात एक ओळ लिहायचे. त्या पुंजक्यांत कोण कोण आहे आणि कोण कुणाशी बोलतंय, हे तेव्हा कळत नव्हतं, ते तुम्हाला कळतंय. खोटं कशाला बोलू, वाचताना थोडा हेवा वाटला.

पण एक सांगू? आमचे रंग खरे होते. हिमॅटॉक्सिलिन झाडाच्या लाकडातून निघतं, केंद्रकाला जांभळं करतं, ते डोळ्यांना जांभळंच दिसतं. तुझा कॅमेरा दर रंगाचा फोटो करडाच काढतो आणि लाल-हिरवं तू नंतर भरतेस. भर, हरकत नाही. फक्त रंगवलेल्या फोटोवरून ठरवू नकोस, करडी चित्रं एकेक वेगळी उघडून बघ.

बाकी तुमची युक्ती मला मनापासून आवडली. प्रत्येक रंगाचा उजेड पसरट, एकाचा उजेड दुसऱ्याच्या अंगणात जातो, म्हणून एका वेळी चार-पाचच्या वर रंग ओळखू येत नाहीत. मग तीन-चार अँटिबॉड्या लावायच्या, फोटो काढायचा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रखर दिव्याखाली रंग मारून टाकायचा, आणि त्याच सेक्शनवर पुढच्या तीन-चार. दहा फेऱ्या झाल्या की तीस-चाळीस. डॅपी दर फेरीत असतोच, त्याच्या केंद्रकांवर केंद्रकं बसवून सगळे फोटो एकावर एक जुळवायचे. तुझ्याच गावात, बॉस्टनला, हार्वर्डमध्ये, जिया-रेन लिन आणि पीटर सॉर्गर यांनी २०१५ मध्ये हे मांडलं असं तू म्हणाली होतीस. अँटिबॉडीला चमकणारा रंग पहिल्यांदा जोडला तोही तिथंच, अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये. तेव्हा एक रंग होता.

आता दुसरं दुखणं. मागच्या महिन्यात आठव्या फेरीत तुझा सेक्शन स्लाइडवरून सुटून गेला आणि तू रात्रभर झोपली नाहीस. तू म्हणालीस, ब्लॉक जुना होता. असेलही. पण मला एक खरं सांग, कव्हरस्लिप, सेक्शनवरची पातळ काच, तू ओढलीस ना? बफरमध्ये स्लाइड उभी ठेवली की ती आपल्या वजनानं घसरून खाली येते, त्याला वेळ लागतो, आणि रात्री अकरा वाजता तुझ्याकडे वेळ नसतो. लहानपणी जखमेवरची पट्टीही अशीच ओढायचीस. शिवाय स्लाइड किती वेळ भाजलीस? ६० अंशावर नीट वाळली नाही, खाली पाण्याचा थेंब राहिला, तर पहिल्या दोन फेऱ्या ती कळू देत नाही आणि आठव्या फेरीला सूड घेते.

आमच्याकडे तुमच्यासारख्या, ऊतक धरून ठेवणाऱ्या भारित स्लाइडा नव्हत्या. अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन समान घेऊन, बुरशी लागू नये म्हणून थायमॉलचा खडा टाकून, बोटानं स्लाइडवर पुसट हात फिरवायचा. गुलाबी-जांभळ्यासाठी तेवढं पुरायचं. पण ईआर-पीआर, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरमधल्या संप्रेरकांच्या खुणांची तपासणी, सुरू झालं आणि कुकर लावायची वेळ आली (तुम्ही अँटिजेन रिट्रिव्हल म्हणता, आमचे लॅबचे मामा 'कुकर लावला का' असंच विचारायचे), तेव्हा पहिल्याच शिट्टीला सेक्शन सायट्रेटमध्ये तरंगायला लागले. फॉर्मलिननं बांधलेली प्रथिनं उष्णतेनं सोडवायची तर ऊतकाला घट्ट धरून ठेवावं लागतं, हे तेव्हा भरपूर स्लाइडा घालवून शिकलो. तो कुकर परत घरी आणला नाही, भात आपल्या कुकरातलाच आहे, काळजी करू नकोस.

तर तुझ्या पेशींचं. तुझ्याकडे त्याच ब्लॉकचा पुढचा सेक्शन असणार, तो काढ. खऱ्या पेशी असतील तर चार-पाच मायक्रॉन पुढेही त्याच वस्तीत सापडतील. सुरकुती सहसा त्याच जागी पुन्हा पडत नाही. तुझा हा सेक्शन सगळ्या फेऱ्या होऊन शाबूत असेल तर त्याच्यावरच एच अँड ई कर. जांभळा गडद पट्टा दिसला की विषय संपला. आणि पट्टा नाही निघाला तरी लगेच उड्या मारू नकोस. टॉन्सिलमध्ये पेशी लोकलमधल्या गर्दीसारख्या अंगाला अंग लावून असतात. तुझं सॉफ्टवेअर हद्द आखताना एकीचा पदर दुसरीच्या खात्यात टाकत असेल. सीडी३ पेशीच्या सगळ्या कडेनं आहे, की फक्त शेजारणीला लागून असलेल्या बाजूला, ते शंभरएक पेशी डोळ्यांनी बघून ठरव. कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

बुधवारी ग्रुपपुढे दाखवणार आहेस ना? त्याआधी तुमच्या हिस्टॉलॉजीच्या खोलीत जा. तिथं कापणाऱ्या बाई आहेत म्हणालीस, त्यांना नुसता डॅपीचा फोटो दाखव. बाकी रंग दाखवू नकोस, तुझी कल्पनाही सांगू नकोस. त्या काय म्हणतात ते ऐक. आणि जमलं तर त्यांच्याशेजारी बसून दोन ब्लॉक स्वतः काप. पहिली रिबन वेडीवाकडीच येते, माझी तर महिनाभर येत होती.

पाटलांची सून पंधरा तारखेला बॉस्टनला येतेय. तिच्याबरोबर भडंग, मेतकूट आणि माझा ब्रश पाठवतेय, वॉटर बाथवरचा. रिटायर झाले तेव्हा तेवढा मागून आणला होता. टोक अजून शाबूत आहे. साबणानं धुऊ नकोस, केस फाकतात. मेण लागलं तर झायलीनमध्ये बुडवून कागदावर टिप.

बुधवारचं कळव. सुरकुती नसली तर आधी मला फोन कर, इकडं रात्र असली तरी.

तुझी,
आई