राट, रहाट आणि काका

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या वहीच्या पानांचे फोटो मिळाले. एका बाजूला जर्मन शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि शेवटी लाल शाईत ‘म्हणजे मूळ एकच, संस्कृत!’ अभिप्राय मागितलात, म्हणून स्पष्ट लिहिते. काकू वाचून दाखवणार असतील तर त्यांनी मधले काही गाळू नये.

पहिलीच जोडी घ्या. जर्मनमध्ये चाकाला ‘राट’ म्हणतात, आपला विहिरीवरचा रहाट म्हणजे चाकच, तेव्हा दोन्ही एकच, असं तुम्ही लिहिलंय. रहाट आला संस्कृत ‘अरघट्ट’पासून, प्राकृतात त्याचा ‘अरहट्ट’ झाला आणि पुढे सुरुवातीचा ‘अ’ गळाला. जर्मन शब्द लिहितात ‘राड’. शेवटचा ‘ड’ बोलताना ‘ट’ होतो, म्हणून तो रहाटासारखा वाटतो. त्याची खरी जोडी आहे ‘रथ’. लॅटिनमधलं ‘रोटा’, म्हणजे चाक, तेही ह्याच कुळातलं. तेव्हा अर्धा डाव तुम्ही जिंकलात. नातं आहे, पण तुम्ही बोट ठेवलंत त्या शब्दाशी नाही. शिवाय सल्ला किंवा सभा ह्या अर्थाचा आणखी एक ‘राट’ जर्मनमध्ये आहे. उच्चार तोच, कूळ निराळं. नगरपालिकेच्या इमारतीला ‘राटहाउस’ म्हणतात. इंग्रजीची सवय असलेल्या डोळ्यांना त्या पाटीवर उंदरांचं घर दिसतं.

चाकाचा विषय निघालाच आहे तर सांगते, सायकल, चाक आणि इंग्रजी व्हील हे तिन्ही एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ‘चाक’ आला चक्रावरून, ‘सायकल’ ग्रीक ‘किक्लोस’वरून, आणि व्हील तिकडे उत्तरेकडच्या भाषांमधून घासत घासत आलं. तिन्ही शेजारी ठेवले तर कुणी त्यांना भावंडं म्हणणार नाही. तुमच्या वहीत मला हीच खोट दिसते. तुम्ही तोंडवळा बघून सोयरीक ठरवता.

मग नातं ओळखायचं कसं? एकट्या शब्दावरून नाही, नियमावरून. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये हे नियम पद्धतशीर मांडले. संस्कृतात जिथे ‘प’ दिसतो तिथे जर्मनमध्ये ‘फ’ येतो: पितृ आणि ‘फाटर’, पाद आणि ‘फूस’, पञ्च आणि ‘फ्युन्फ’. ‘त’च्या जागी ‘ड’ येतो: त्रि आणि ‘ड्राय’, तनु आणि ‘ड्युन’, तृष्णा आणि ‘डुर्स्ट’. असा बदल रांगेने दिसला की मग योगायोग म्हणता येत नाही. लाल शाईतल्या वाक्याबद्दलही इथेच सांगते. संस्कृत ही जर्मनची आई नव्हे, बहीण. ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनबद्दल बोलताना हाच मुद्दा मांडला होता: तिघींचा उगम एक, आणि तो उगम कदाचित आता शिल्लकच नसेल. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पण कानडी आणि तमिळ तर ह्या कुळातल्याही नाहीत. त्यांना ओढून त्या वहीत बसवू नका.

आता ‘बाड’. हा शब्द तुमच्या यादीत नाही, माझ्याकडून घाला. इथे जर्मनीत झऱ्यांसाठी नावाजलेल्या गावांच्या नावाआधी ‘बाड’ लावतात. त्याचा अर्थ स्नान. आपलं बाड म्हणजे हस्तलिखितांचा गठ्ठा. तीच अक्षरं इंग्रजीत वाचली की ‘बॅड’, वाईट. आणि आपल्या बदनाम, बदसूर, बदलौकिक ह्यांतला ‘बद’ फारसीतून आलेला, अर्थ पुन्हा वाईटच! आवाज जवळचा, अर्थ हुबेहूब, मध्ये हजारो मैलांवरून खुष्कीचा मार्गही आहे. तरी इंग्रजी बॅड आणि फारसी बद ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

ह्याहून पक्का दाखला ऑस्ट्रेलियातला. तिथल्या क्वीन्सलंडमध्ये म्बाबाराम नावाची एक मूळ रहिवाशांची भाषा होती. रॉबर्ट डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ ती नोंदवायला गेले, कुत्र्याला काय म्हणता विचारलं, तर उत्तर आलं ‘डॉग’! इंग्रजीतून उचलला असेल, असं कुणालाही वाटेल. पण आजूबाजूच्या भाषांमध्ये कुत्र्याला ‘गुडगा’सारखा शब्द आहे, आणि म्बाबाराममध्ये शब्दाचा सुरुवातीचा भाग गळण्याची, स्वर बदलण्याची रीतच होती. त्या रीतीने ‘गुडगा’चा ‘डॉग’ झाला. उलट जर्मन ‘हुंड’ म्हणजे कुत्रा, आणि त्याचा सख्खा संबंध आपल्या ‘श्वन्’शी. कानाला पटतं का? नाही पटत. तोंडातून निघणारे आवाज मोजके, शब्द हजारो, आणि छोटे शब्द दोन-तीन आवाजांचे. कुठेतरी दोन भाषांची टक्कर होणारच. झाली नाही तर नवल.

म्हणून सारखा दिसणारा प्रत्येक शब्द परका, असंही नाही. जर्मन ‘नामं’ आणि आपलं नाम खरोखरच एक आहेत, ‘नाझं’ आणि नासिकाही.

आणि कधी शब्द एकच असतो, पण अर्थ दोन दिशांना पळतो. इथे ‘गिफ्ट’ म्हणजे विष. बाटलीवर लिहिलेलं असतं, शेजारी कवटी. इंग्रजी गिफ्ट म्हणजे भेट. इथे मात्र कूळ एकच, ‘देणे’ ह्या अर्थाचं. जर्मनमध्येही पूर्वी त्याचा अर्थ देणं असाच होता, मग औषधाची दिलेली मात्रा, मग विष. हुंड्याला अजूनही ‘मिटगिफ्ट’ म्हणतात. स्वीडिशमध्ये तर ‘गिफ्ट’ म्हणजे विषही आणि विवाहितही. (काकू, इथे हसायला हरकत नाही.) ह्या वळणामागे ग्रीक ‘दोसिस’ आहे, त्याचा अर्थही देणंच. त्याच ‘दोसिस’चा आपला डोस. आणि ‘दोसिस’ व आपलं ‘दान’ हे दोन्ही ‘दा’ धातूचे. म्हणजे ‘डोस देणे’ म्हणताना आपण तोच धातू दोनदा बोलतो.

नात्यांचे शब्द मात्र ह्या खेळातून सरळ बाहेर काढा. ओवीने बालवाडीत मोठ्या आनंदाने सांगितलं की माझे काका येणार आहेत, आणि सगळा वर्ग खिदळला. इथल्या मुलांच्या बोलीत ‘काका’ म्हणजे शी. स्पॅनिश, इटालियनमध्येही जवळपास तेच. तिची समजूत काढताना मी तिला स्वाहिली शिकवली. तिकडे ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘बाबा’ म्हणजे बाबाच. रशियनमध्ये ‘बाबा’ बाईमाणूस, जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. तान्ह्या मुलाच्या ओठांना जे आवाज सोपे जातात तेच घरातली माणसं आपापल्या नावावर करून घेतात, असं भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन ह्यांनी म्हटलंय. ओवीला हे सगळं पटलं. फक्त तुम्ही आलात की शाळेत तुम्हाला काय म्हणायचं ते ठरवायचंय.

खरं तर फजिती व्हायला इतक्या लांब यायलाच नको. माझ्याबरोबर काम करणारी एक तेलुगू मुलगी ‘उपन्यासम्’ ऐकायला जाते, म्हणजे व्याख्यान. हिंदीवाल्याला वाटतं कादंबरी वाचतेय. आणि आपण तरी काय, बाणभट्टाच्या नायिकेचं नाव उचलून सगळ्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं! कानडीत ‘तायी’ म्हणजे आई. हिंदीवाला मुलाला चांगली ‘शिक्षा’ मिळावी म्हणतो तेव्हा मराठी माणूस दचकतो. गुजराती ‘आपघात’ मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचा अर्थ आत्महत्या. त्यातला ‘आप’ स्वतःचा, आपल्या अपघातातला ‘अप’ उपसर्ग. एका काना-मात्रेच्या फरकाने वर्तमानपत्रातली बातमीच बदलते. परदेशी शब्दाला आपण निदान जपून हात लावतो. शेजारच्या भाषेतला शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून कोश उघडायचं सुचतच नाही.

वही फाडू नका. प्रत्येक जोडीसमोर दोन्ही शब्दांचं जुन्यात जुनं सापडेल ते रूप लिहा, आणि मग बघा किती उरतात. पन्नासातल्या पाच उरल्या तरी त्या खऱ्या असतील.

एक काम आहे. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदी-बंगालीत प्रयत्न, संस्कृतात हालचाल, आपल्याकडे थट्टा. हे वळण कसं आलं असावं ते मला बघायचंय. तुमच्या कपाटात कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश आहे, त्यातल्या ‘चेष्टा’च्या नोंदीचा फोटो पाठवा. फोटो काढताना पान खिडकीजवळ धरा आणि अंगठा बाजूला ठेवा. मागच्या वेळी ‘रहाट’ची अर्धी नोंद अंगठ्याखाली होती.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सई