बूथमध्ये नको, काउंटरवर बस

प्रिय बाळ,

न्यू जर्सीहून नॅशव्हिलपर्यंत गाडीनं जाणार म्हणालीस, तेव्हापासून आईला रस्त्याची आणि टायरची काळजी लागली आहे. मी मात्र तू वाटेत काय खाशील याचाच विचार करतोय. हायवेच्या प्रत्येक एक्झिटला त्याच पाच-सहा हॉटेलांच्या पाट्या दिसतील. त्या सोडून दोन-तीन मैल आत, गावात जा. रेल्वेच्या डब्यासारखं लांबट डायनर, म्हणजे साधंसं खाण्याचं हॉटेल, दिसलं आणि सकाळी सहालाच बाहेर पिकअप ट्रक उभे असले, की थांब.

तो डब्यासारखा आकार उगाच नाही. 1872 साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं घोडागाडीतून रात्री काम करणाऱ्यांना खायला विकायला सुरुवात केली. पुढे अशा गाड्या कारखान्यात बनू लागल्या, त्यांचीच डायनर झाली. वूस्टरच्या एका कंपनीनं 1906 ते 1957 या काळात 651 बनवल्या. अख्खं डायनर तयार करून रेल्वेनं किंवा रस्त्यानं गावोगाव पाठवायचं, म्हणून ते अरुंद. न्यू जर्सीत तर असे कितीतरी कारखाने होते. तू निघतेयस तीच डायनरची मोठी पेठ.

आत गेलीस की बूथमध्ये, म्हणजे टेबलाच्या दोन बाजूंच्या बाकांवर, न बसता काउंटरवर बस. मी 1999 च्या हिवाळ्यात पेनसिल्व्हेनियात एकटा होतो, तेव्हा बरेच दिवस खोलीवर ब्रेड खाऊन काढले. डायनरमध्ये जायचा धीर होत नव्हता. एका सकाळी गेलो, तर काउंटरवरचं एकच स्टूल रिकामं. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, अंडी कशी हवीत? उत्तर काय द्यायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी घाई केली नाही. शेजारच्या आजोबांची बशी दाखवून म्हणाल्या, ही अशी, पिवळा बलक पातळ ठेवलेली. आजोबांनी आपल्या बशीतलं स्क्रॅपल पुढे सरकवलं. डुकराच्या मांसाचे उरलेसुरले तुकडे मक्याच्या पिठात शिजवायचे, घट्ट झाल्यावर काप पाडायचे आणि तव्यावर कडक परतायचे. तिथल्या जर्मन शेतकऱ्यांचं खाणं, काहीच वाया न घालवणाऱ्या घरांचं. त्यानंतर मी खोलीवर ब्रेड खाल्ला नाही. बूथमध्ये बसलो असतो तर मेनूकार्ड वाचून टोस्ट मागवला असता.

म्हणून मेनू मिटून ठेव आणि विचार, इथलं म्हणून काय आहे? वाटेतल्या लुईव्हिलला 'हॉट ब्राउन' सांगतील. 1926 मध्ये ब्राउन हॉटेलात रात्री उशिरापर्यंत नाचून भुकेलेल्या पाहुण्यांसाठी निघालेलं ते टर्कीचं सँडविच, वरून चीजचा दाट सॉस.

नॅशव्हिलला पोचलीस की 'मीट अँड थ्री' शोध. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. गंमत म्हणजे मॅकरोनी-चीज तिथे भाज्यांत मोजतात! तुझ्याबरोबरची मैत्रीण मांस खात नाही, तिनं नुसत्या भाज्यांचं ताट मागावं. पण फरसबी आणि पालेभाजी कशात शिजवली आहे हे आधी विचारू दे, त्यात डुकराचं मांस बऱ्याचदा असतं. विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही.

आणि टिप 20 टक्क्यांच्या खाली ठेवू नकोस. नॅशव्हिल ज्या राज्यात आहे त्या टेनेसीत टिप मिळणाऱ्यांना मालकानं स्वतः द्यायचा किमान पगार ताशी 2.13 डॉलर आहे. केंद्राचा तो आकडा 1991 पासून हललेला नाही. पुन्हा पुन्हा कॉफी भरून देणाऱ्या बाईचं घर तुझ्या नोटांवर चालतं.

वाटेतलं सिनसिनाटी शहर मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथली चिली म्हणजे खिम्याचा पातळ रस्सा, तो स्पगेटीवर ओततात आणि वर किसलेल्या चीजचा ढीग. हे झालं 'थ्री-वे'. कांदा किंवा राजमा घातला की 'फोर-वे', दोन्ही घातले की 'फाइव्ह-वे'. 1922 मध्ये मॅसिडोनियाहून आलेल्या किराजिएफ भावांनी ती सुरू केली आणि त्यांच्या गावाकडचे मसाले तिच्यात घातले. मी 1999 च्या त्याच हिवाळ्यात कामासाठी दोन दिवस तिथे गेलो होतो. तू आठ महिन्यांची, आईजवळ. पहिला घास घेतला आणि दालचिनी लागली, पाठोपाठ लवंग. तीन महिन्यांत तो वास मी घेतला नव्हता. त्या रात्री फोनकार्डावरची मिनिटं संपेपर्यंत तुझ्या आईला फक्त त्या ताटाबद्दल सांगत होतो.

तू तिथे खाल्लंस की लगेच फोन कर. इथे कितीही वाजलेले असोत.

तुझा,
बाबा