गयानाला जाताय? आधी लस, मग तिकीट

महोदय,

हरिहर, साल्हेर पालथे घातलेल्या नाशिककरांना आता दक्षिण अमेरिकेतला गयाना खुणावत असेल, तर आनंदच आहे. पण कायेतूर धबधब्याचे फोटो पाहून बेत ठरतो आणि तयारी शेवटच्या आठवड्यात सुरू होते. घोटाळा तिथेच होतो.

पीतज्वराची (यलो फीवर, डासांमुळे होणारा ताप) लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच बोलावतात. प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होते, मग आयुष्यभर चालते. ते नसेल तर मायदेशी परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. आतल्या भागात मलेरिया आहे; क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या गोळीवर विसंबू नये.

जंगलात तंबूपेक्षा हॅमॉक (दोन झाडांना बांधायचा झोपायचा झोळा) बरा, कारण जमीन कायम ओली. साधारण 4 मीटर अंतरावरची दोन जिवंत झाडे निवडावीत. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, हे आधी पाहावेच. वारा नसतानाही ती कोसळते. दोन्ही दोरांना हॅमॉकच्या वीतभर अलीकडे सुतळीचा तुकडा बांधावा. ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते, नाहीतर ताडपत्री असूनही पाठ भिजते.

कायेतूरची थेट उडी 226 मीटरची आहे आणि कड्याला कठडा नाही. ओल्या खडकावर कडेला जाऊच नये. तिथली विमाने छोटी, सामानाचे वजन मोजूनच घेतात. रुपुनुनीच्या गवताळ भागात मे ते ऑगस्ट रस्ते पाण्याखाली जातात. तेव्हा तो बेत आखू नये.

– काही गिर्यारोहक, नाशिक