ताई, तुझ्या रूटबद्दल थँक्यू

प्रिय ताई,

आमच्या ट्रिपचा रूट तू आखून दिलास म्हणून व्हॉट्सॲपवर तुला थँक्यू टाकलं, हात जोडलेला इमोजी पण टाकला, पण तेवढ्याने माझं समाधान होईना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे न्यू इंग्लंडात (अमेरिकेच्या ईशान्येकडची राज्यं) डिस्क गोल्फची रोड ट्रिप करायची कुणाच्या डोक्यात असेल तर त्यांनाही उपयोग होईल. तुझं नाव लिहीत नाही, तुला आवडायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की हा गोल्फच, फक्त बॉलऐवजी डिस्क फेकायची आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट, कमीत कमी फेकीत डिस्क आत गेली पाहिजे. आमच्या घरात हे वेड लेकाने आणलं. २०२१ च्या वर्ल्ड्समध्ये, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, जेम्स कॉनरॅडने शेवटच्या होलवर २४७ फुटांवरून थेट बास्केटमध्ये टाकली तो व्हिडिओ त्याने इतक्यांदा लावला की शेवटी मीच डिस्क घेऊन बाहेर पडले, आणि आता मी त्याच्यापेक्षा जास्त खेळते.

तर न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून निघायचं होतं. खेळणारे मी आणि लेक, ड्रायव्हर नवरा (त्याला यातलं ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाहीये), आणि मागच्या सीटवर साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सासूसासरे. मी तुला कोर्सची लांबलचक यादी पाठवली आणि तू फोन करून पहिलं काय विचारलंस तर "सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?" तिथेच मला कळलं की आपण बरोबर माणसाला विचारलंय.

मग तू जी कात्री चालवलीस! एका दिवशी एकच कोर्स आणि तोही सकाळी, मुलाला घेऊन अठरा होल म्हणजे तीन तास धरायचे, दुपार म्हाताऱ्यांची. मेन राज्यातलं सबाटस मला काहीही करून हवं होतं, एका ठिकाणी इतके कोर्स म्हटल्यावर कोण सोडेल, पण तू म्हणालीस की नकाशावर व्हरमाँटवरून मेन शेजारी दिसतं, मात्र तिकडे आडवा हायवे नाहीये, सगळे फ्रीवे उत्तर-दक्षिण, आडवं जायचं तर गावागावातून वळणं घेत जा, मागे बसलेल्यांचे हाल. झालं, सबाटस कट.

महिन्याचंही तसंच. मला फॉल कलर्स बघत खेळायचं होतं. तू म्हणालीस, हॉटेलं महाग, गर्दी प्रचंड, आणि मुख्य म्हणजे पिवळ्या-लाल पानांच्या खचात डिस्क शोधून दाखव! मे-जूनमध्ये ब्लॅक फ्लाय (चावऱ्या माश्या) फोडून काढतात. सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेपल हिल कोर्सवर एमव्हीपी ओपन ही प्रो लोकांची मोठी स्पर्धा असते, तेव्हा आपल्याला खेळायला मिळत नाही. म्हणून ऑगस्ट. वर बजावलंस की डिस्कच्या मागे मार्करने फोन नंबर लिही, कोर्सचे नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेव, आणि गवतात शिरायचं तर मोजे पँटच्या वर ओढ, रात्री मुलाचे गुडघ्यांमागचे कोपरे टॉर्च लावून बघ, टिक (गोचीड) तिकडे फार आणि ती चावून होणारा लाइम रोग काय मस्करी नाही. टॉर्च लावून बघताना नवरा हसत होता. मग त्याच्याच पोटरीवर एक सापडली, तीही न खेळता.

मेपल हिल म्हणजे लेस्टरमधली ख्रिसमस ट्रीची शेती आणि तिच्यात कोर्स, तिथे पैसे भरून खेळायचं. तू सांगितलं होतंस की गोल्ड टीच्या (टी म्हणजे पहिली फेक करायची जागा) मागे लागू नको, ते प्रो लोकांचं, लाल टीवरून खेळ. लेकाने तोंड वाकडं केलं, आईसोबत लाल टीवरून! पण पाण्यावरून जाणारं पहिलं होल आलं, एक ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) गुडुप झाली आणि तो गपचूप लाल टीवर आला. सासूबाई फोल्डिंगच्या खुर्चीत सावलीत बसल्या होत्या, थालीपिठाचा डबा मांडीवर. साखळी वाजली की मान वर करून विचारायच्या, "गेली का?"

दुसऱ्या टप्प्याला व्हरमाँटमधल्या स्टोहून १०८ नंबरच्या रस्त्याने नॉच (म्हणजे खिंड) ओलांडून स्मग्लर्स नॉच रिसॉर्टला जा म्हणालीस, मोठा वळसा घालू नको. काय रस्ता आहे तो! एवढाले धोंडे अगदी डांबराला टेकून आणि त्यांच्यामधून गाडी काढायची. हिवाळ्यात बंद असतो आणि मोठ्या ट्रकना बंदी, तरी कोणीतरी घुसतो आणि वळणावर अडकतो म्हणे. सासरे पूर्ण वेळ पुढे वाकून, "अरे हा तर आपला वरंधा!" आणि नवऱ्याला हॉर्न मार हॉर्न मार. पलीकडे दोन कोर्स, ब्रूस्टर रिज झाडीतला आणि फॉक्स रन मेडोज मोकळा, २०२३ ची वर्ल्ड्स याच दोन्हींवर झाली. झाडीतलं आधी खेळ, सकाळी हात ताजे असतात हे तुझं वाक्य लेकाने आता स्वतःचं म्हणून खपवायला सुरुवात केलीये.

म्हाताऱ्यांची दुपार म्हणून तू वॉटरबरीची आइस्क्रीम फॅक्टरी घातली होतीस. तिथे बंद झालेल्या फ्लेवर्सची स्मशानभूमी आहे, रीतसर थडगी, वर कविता. सासरे गंभीर चेहऱ्याने एकेक वाचत गेले. नेमकं तेव्हाच लेकाने त्यांना सांगितलं की १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कोर्स काढणारे एड हेड्रिक, साखळ्यांची बास्केटही त्यांचीच, २००२ मध्ये वारले तेव्हा त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या. सासरे थांबलेच. "आइस्क्रीमला थडगं आणि माणसाच्या अस्थी डिस्कमध्ये? आणि त्या फेकतात?" मग बराच वेळ गप्प, आणि गाडीत बसल्यावर, "तसं वाईट नाही. नदीपेक्षा हवेत बरं."

ताई, गुगलने मला कोर्स दिले असते, रेटिंग दिलं असतं, मैल दिले असते. गुडघे कोणी विचारले नसते.

गणपतीला ये. डिस्क घेऊनच ये, महावाचा कॅम्पगॉ कोर्स आमच्यापासून तासाभरावर आहे, सकाळी खेळून दुपारच्या आरतीला परत येऊ. सासूबाईंनी तुझ्यासाठी उकडीचे मोदक नक्की केलेत, फक्त तांदळाची पिठी तुमच्याकडच्या दुकानातली आण, इकडची त्यांना पटत नाही.

तुझी,
एडिसनवाली