डिझेल वाढलं की भाडं वाढवायचं, एवढंच का?

संपादक साहेब, नमस्कार.

डिझेल वाढलं की एसटीचं भाडं वाढणार याची आता आम्हाला सवयच झालीय. जून २०१८ ला १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ ला १७.१७, जानेवारी २०२५ ला १४.९५. बरं वाढवा, डिझेल काय फुकट येत नाही. पण भाडं वाढलं की जवळच्या टप्प्याचा माणूस आधी तुटतो, तो वडापमध्ये (खासगी जीपमध्ये) बसतो नाहीतर कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागे, आणि गाडी जवळपास तेवढंच डिझेल जाळत जाते, आत १५ माणसं असोत की ४४. मग भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, म्हणून फेरी बंद, आणि पहिली कुऱ्हाड रात्री गावात मुक्कामाला थांबणाऱ्या वस्तीच्या गाडीवर! वस्तीची गाडी गेली की सकाळची पहिली फेरी पण गेली, म्हणजे पास काढून तालुक्याला कॉलेजला जाणारी पोरं पण गेली.

मला वाटतं डिझेल वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडी भरणं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली, एसटी बुडणार म्हणून, पण गाड्या भरल्या ना? उरलेले अर्धे पैसे सरकार देतं (वेळेवर देतं का हा वेगळा विषय).

दुसरं म्हणजे चालवणं. माझे सासरे एसटीत चालक होते, ते अजून माझ्या शेजारी कारमध्ये बसले की ब्रेक मारला रे मारला की "डिझेल सांडलं" म्हणतात. हसू नका, हिशोब करा. गाडी दिवसाला ३०० किमी धावते आणि लिटरला साडेचार देते असं धरलं, ते पावणेपाच झालं तर दिवसाला साडेतीन लिटर वाचतं, आणि अशा गाड्या १५ हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे रोजचं ५० हजार लिटर! त्यासाठी टायरमधली हवा, वेळेवर सर्व्हिसिंग आणि ॲव्हरेज काढणाऱ्या चालकाच्या हातात रोख बक्षीस पाहिजे, नुसता इंधन बचतीचा बॅनर लावून भाषण नको. (खड्ड्यांचं काय करायचं ते चालक करू शकत नाही.)

इलेक्ट्रिक येतील तेव्हा येतील. १ जून २०२२ ला पुणे-नगर शिवाई सुरू झाली तेव्हा आम्हीपण हौसेनं बसून आलो, पण वाड्यावस्त्यांवर अजून बरीच वर्षं डिझेलच धावणार आहे.

आणि सरकारचं गणित तर मला कळतच नाही, डिझेलवर २१ टक्के व्हॅट घ्यायचा, तिकिटावर वर प्रवासी कर घ्यायचा, आणि मग एसटी तोट्यात म्हणून त्यातलंच थोडं मदत म्हणून परत द्यायचं, त्याचीही बातमी करायची. निदान एसटीच्या डिझेलपुरता तरी व्हॅट उतरवा, भाडेवाढीचं मग बोलू.

आपला,
एसटीचा रोजचा प्रवासी