मानधनाचा रकाना

टोरोंटो

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काकांनी विचारलं की लेक कॅनडात नक्की करते काय, तर तुम्ही म्हणालात, "कलाकारांना सरकारी पैसे वाटते." फोनवर एवढंच सांगता येतं. पण मला माझं काम तुम्हाला नीट समजावून सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

आमची ऑन्टॅरिओ प्रांताची कला परिषद १९६३ सालची. पैसा सरकारचा, पण कुणाला द्यायचा हे मंत्री ठरवत नाहीत, आणि मीही नाही. ते कलाकारच ठरवतात. नाटकाचे अर्ज असले की नाटकातली जाणती माणसं बसतात, सगळे अर्ज आधी वाचून येतात, वाद घालतात, गुण देतात. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. अर्ज नियमात बसतो का बघायचं, अंदाजपत्रक तपासायचं, परीक्षक जमवायचे, आणि निकालानंतर ज्यांना नाही मिळालं त्यांचे फोन घ्यायचे. माझ्याकडचे अर्ज फ्रेंचभाषक कलाकारांचे, म्हणून त्यांच्याशी सगळा व्यवहार फ्रेंचमधून आणि कचेरीतला बराचसा इंग्रजीतून. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंचचा वर्ग लावला, तेव्हा आई म्हणाली होती, "शिकून ठेव, कुठेतरी उपयोगी पडेल." पडलं, आई.

कॅनडातलं फ्रेंच म्हटलं की आपल्याकडे शेजारचा क्युबेक प्रांत आठवतो. पण ऑन्टॅरिओतही सहा लाखांवर फ्रेंचभाषक आहेत, काही घराणी तर पिढ्यानपिढ्या इथलीच. त्यांना ही भाषा सहजासहजी टिकवता आलेली नाही. १९१२ साली प्रांतानं 'नियम १७' काढला आणि पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवणं बंद केलं. ऑटवातल्या गिग शाळेत देस्लोज आडनावाच्या दोन बहिणी तरीही शिकवत राहिल्या. आई, तुला हे आवडेल: १९१६ च्या जानेवारीत मुलांच्या आया टोपीच्या लांब पिना हातात घेऊन त्या शाळेच्या पहाऱ्याला उभ्या राहिल्या, शिक्षिकांना कुणी बाहेर काढू नये म्हणून! नियमाची अंमलबजावणी थांबायला १९२७ साल उजाडलं. सरकारी सेवा फ्रेंचमध्ये मिळण्याचा कायदा तर १९८६ चा. माझ्यासारखीला इथे नोकरी आहे ती या सगळ्यांमुळे, हे मी विसरत नाही.

टोरोंटोच्या उत्तरेला चारशे किलोमीटरवर सडबरी नावाचं गाव आहे, निकेलच्या खाणींचं. तिथल्या तरुण पोरांनी १९७१ मध्ये स्वतःची फ्रेंच नाटक कंपनी काढली, १९७३ मध्ये प्रकाशन संस्था, आणि १९७५ मध्ये तिथल्याच विद्यापीठात हिरवा-पांढरा झेंडा पहिल्यांदा फडकला, जो आज साऱ्या प्रांतातल्या फ्रेंचभाषकांचा आहे. दोन्ही संस्था अजून चालू आहेत. रामबागेत आपल्या घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, असं वाढलेल्या मला सडबरीची माणसं पहिल्याच भेटीत ओळखीची वाटली. आसपास दुसरी भाषा असताना आपल्या भाषेतल्या नाटकाला प्रेक्षक जमवणं म्हणजे काय, ते इंदूरच्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

सगळ्यात अवघड काम परीक्षक मिळवणं. इथलं फ्रेंच नाट्यविश्व इतकं छोटं की प्रत्येकानं प्रत्येकाबरोबर कधी ना कधी काम केलेलं असतं. म्हणून मी एक माणूस सडबरीचा, एक ऑटवाचा, एखादा पार विंडसरचा, असे शोधत बसते. एखाद्याच्या बायकोचा किंवा भागीदाराचा अर्ज चर्चेला आला की तो उठून बाहेर जातो, आणि त्या अर्जाला त्याचे गुण धरत नाहीत. मी खोलीत असते, पण कुठला अर्ज मला आवडलाय हे चेहऱ्यावरही येऊ द्यायचं नाही. हे मला मनापासून पटतं. आवडीनिवडीवर पैसे वाटले असते, तर या लोकांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा?

हल्ली नवे अर्जदार कॉंगो, हैती, कॅमेरूनमधून आलेले असतात. गेल्या महिन्यात कॉंगोतल्या किन्शासाचा एक नर्तक आला होता. फ्रेंचमध्ये अर्ज केला तर मागे पडू या भीतीनं त्यानं भाच्याकडून इंग्रजीत लिहून घेतला होता. तीन पानं, आणि वाचून नाच डोळ्यांसमोर उभा राहीना. मी म्हटलं, तुमचा अर्ज फ्रेंच वाचणारेच वाचणार आहेत, तुम्ही तुमच्या भाषेत लिहा. मग तो बोलायला लागला, उठून उभा राहिला, टेबलाच्या कडेवर हातानं ठेका धरला. मी म्हटलं, हेच लिहा.

नंतर अंदाजपत्रक बघितलं. हॉलचं भाडं, ढोल वाजवणारे दोघं, प्रकाशयोजना, कपडे, सगळं काटेकोर. स्वतःच्या नावापुढे मानधनाच्या रकान्यात शून्य. बाबा, मला तुमची ती लाल वही आठवली, गणेशोत्सवातल्या नाटकाची. टेंपो, पडदे, मेकअपवाला, चहा, सगळ्यांची नोंद, आणि तीन महिने तालमी घेणाऱ्या तुमच्या नावावर कधीच काही नाही. तुम्ही त्याला हौस म्हणायचात, आणि घर तुमच्या पगारावर चालायचं. या माणसाचं घर नाचावरच चालायचं आहे. मी त्याला नियम दाखवला, की स्वतःच्या कामाचे पैसे मागता येतात, मागायचेच असतात. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एक आकडा लिहिला, आणि मी सांगितल्यावर सहकलाकारांच्या दरानं तो वाढवला. निकाल अजून लागायचा आहे. त्यात माझा हात नाही, पण अर्ज मात्र आता त्याच्या कामाला शोभेसा गेलाय.

तुम्ही दोघं सप्टेंबरात या, असं मला फार वाटतं. २५ तारखेला त्या हिरव्या झेंड्याचा दिवस असतो. टोरोंटोत १९६७ पासून चालत आलेली फ्रेंच नाटक कंपनी आहे, त्यांच्या काही प्रयोगांना वर इंग्रजी ओळी दिसतात, त्यामुळे बाबांना नाटक समजेल आणि आईला मी कानात सांगेन. मग सडबरीला गाडीनं जाऊ, मध्ये थांबत थांबत.

व्हिसाचे कागद मी पुढच्या आठवड्यात पाठवते. आई, बाबांच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते खरं खरं कळव, "बरं आहे" एवढंच नको. तिकिटं त्यानंतरच काढीन.

तुमची लेक