फी शून्य, पण बारा लाख आधी दाखवा

संपादक महोदय,

माझ्या मुलीला जर्मनीतल्या एका सरकारी होखशूलेत, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण देणाऱ्या विद्यापीठात, यंत्र अभियांत्रिकीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. शिक्षणाची फी नाही म्हटल्यावर आळीत पेढे वाटले. मग ब्लॉक्ड अकाउंटचं कळलं. व्हिसासाठी त्यात ११,९०४ युरो आधी भरायचे, आणि तिथं गेल्यावर तिलाच त्यातले महिन्याला ९९२ मिळायचे. म्हणजे तिच्याच जेवणाचे नि भाड्याचे पैसे, फक्त वर्षभराचे आगाऊ. रुपयांत बारा लाखांच्या आसपास. जर्मनीसाठी पदवीची कागदपत्रं तपासून देणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८ हजार त्याआधीच गेले होते.

बँकेत गेलो. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. माझं घणसोली गावात तीन मजली घर आहे, ते सांगितलं. साहेब बघायला आले, चहा घेतला आणि म्हणाले, "घर छान आहे हो, कागद कुठाय?"

कागद नाहीच. आजोबांची भातशेती आणि खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, नवी मुंबई वसवताना सरकारनं घेतलं. कुटुंब वाढलं तसे आम्ही मजले चढवले. सरकारी भाषेत याला 'गरजेपोटी बांधलेलं घर' म्हणतात. ती नियमित करायचे शासन निर्णय निघाले, पण बँकेपुढे ठेवायला माझ्या हातात अजून काही नाही. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड चार भावांत वाटून कधीच विकला गेला. त्यात दोष आमचाच.

शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती 'क्यूएस' ही जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी बघून. कारखान्यात उपयोगी पडेल असं शिकवणाऱ्या या होखशूले बहुतेक त्या यादीत नसतातच. विनातारण शैक्षणिक कर्जाची प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना देशातल्या संस्थांपुरती.

मला अनुदान नको. ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेपुरती शासनाने बँकेला हमी द्यावी, एवढंच मागणं आहे. पैसे खात्यात अडकलेले असतात, महिन्याच्या हप्त्यानेच सुटतात. पोरगी ते उधळणार कुठे? ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्यांच्या मुलांपासून सुरुवात केली तरी चालेल.

साडू जामीन राहिला म्हणून साडेसात लाखांचं जमतंय. बायकोच्या पाटल्या आणि हार मोडून तीन लाख येतील. उरलेले दीड लाख कुठून आणायचे ते ठरलेलं नाही, आणि तिचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात.

— एक पालक, घणसोली गाव, नवी मुंबई